‘स्वतः’, ‘टिळक’, ‘भाई’ : स्त्रियांच्या आत्मपर लेखनातील पतीचा निर्देश आणि नात्यातील अंतर

मराठी स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मपर गद्याची चर्चा आजवर प्रामुख्याने आशयाच्या अंगाने झालेली आहे. विवाह, शिक्षण, सासर, सुधारणा, वैधव्य हे विषय त्या चर्चेत पुनःपुन्हा येतात. या लेखनातील नात्यांचे स्वरूपही घटनांवरूनच ठरविले जाते. कोण कोणाशी कसे वागले, कोणी कोणासाठी काय सोसले, यावरून तादात्म्य किंवा दुरावा यांचे माप घेतले जाते. परंतु लेखिकेने पतीचा निर्देश कोणत्या शब्दाने केला आहे, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच मध्यभागी येतो. आला तरी त्याची वासलात दोनपैकी एका शेऱ्याने लावली जाते : हे पातिव्रत्याचे मनोज्ञ दर्शन आहे, किंवा हे दास्याचे लक्षण आहे. हे दोन्ही शेरे शब्द एकटा काढून वाचतात. त्या शब्दाचे क्रियापद कोणते आहे, तो कोणाला उद्देशून उच्चारला आहे आणि तो योजल्यामुळे लेखिकेला काय दिसू लागते व काय दिसेनासे होते, हे पाहिल्यावाचून त्यातील जवळीक वा अंतर ठरविता येत नाही.

प्रश्नाचे मूळ अर्थातच पतीचे नाव न घेण्याच्या रूढीत आहे. बोलण्यात ही रूढी पाळणे फारसे अवघड नव्हते. ‘हे’, ‘इकडून’, ‘स्वारी’, मुलाच्या नावाने ‘अमक्याचे वडील’ अशा अनेक पळवाटा भाषेनेच तयार करून ठेवल्या होत्या. आणि नाव घेण्याची हौस उखाण्याच्या ठराविक प्रसंगी चारचौघांच्या आग्रहाने भागत होती. पुस्तकाची गोष्ट वेगळी. शेकडो पृष्ठांत ज्याचा पदोपदी उल्लेख करावयाचा, त्याला काहीतरी म्हणणे भागच असते, आणि वाचक घरातला नसतो. घरात ‘हे’ म्हटल्यावर कोण ते सर्वांना ठाऊक असते. छापील पानावर ते ठाऊक करून द्यावे लागते. घरातला शब्द बाहेर न्यावयाचा की बाहेरचा शब्द घरात आणावयाचा, ही निवड लेखिकेपुढे उभी राहते.

या पळवाटांची व्याकरणिक घडण लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीत ‘हा’ जवळच्याचे आणि ‘तो’ दूरच्याचे दर्शक आहे. तरीही पती परगावी गेलेला असताना पत्नी त्याचा उल्लेख ‘हे’ असाच करते. शारीरिक अंतराने दर्शक बदलत नाही. ते नात्याने कायमचे जवळ ठेवलेले असते. उलट त्याच्या पुढचे क्रियापद आदरार्थी अनेकवचनी असते, म्हणजे जे सर्वनाम जवळ ओढते त्याचेच क्रियापद दूर सारते. ‘इकडून’मध्ये तर व्यक्तीच नाहीशी होते. उरते ती एक दिशा, आणि क्रिया भाववाचक होते : ‘इकडून येणं झालं’. कर्त्यावाचून घडलेली ही क्रिया आदराची पराकाष्ठा मानली जाते. पुरुषाच्या बाजूनेही ‘ही’, ‘कुटुंब’, ‘मंडळी’ असे पर्याय होतेच. मात्र तेथे क्रियापद भाववाचक होण्याची वेळ सहसा येत नसे, हा फरक विसरता कामा नये.

याच्या जोडीला प्रथमपुरुषी अनेकवचनाचे मराठीतील द्वैत आहे. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो सामावलेला असतो. शिवाय ‘आपण’ हेच रूप आत्मवाचकही आहे आणि समोरच्याला आदराने संबोधण्याचेही आहे. संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला हा शब्द मी, तू आणि तो या तिघांच्याही घरी वावरतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांची नोंद आत्मवाचक सर्वनामे म्हणून एकत्र केली जाते. आत्मवाचकाला वाक्यात आधी कोणीतरी धनी लागतो, आणि म्हणून ते वाक्यारंभी येत नाही, असेही शिकविले जाते. रमाबाई रानडे यांच्या गद्याकडे वळताना हा नियम हाताशी असावा.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. रानड्यांचा निर्देश करण्यासाठी रमाबाई ठिकठिकाणी ‘स्वतः’ हे रूप योजतात. ‘स्वतः’ म्हणाले, ‘स्वतः’ला आवडले, अशी ही रचना आहे. येथे आत्मवाचक सर्वनाम आपल्या धन्यावाचून उभे राहते. किंवा असे म्हणता येईल की, धनी इतका गृहीत आहे की तो सांगण्याची गरज उरत नाही. नमुन्यादाखल ‘मी स्वतःची पुस्तके आवरून ठेवली’ असे एक वाक्य रचून पाहावे. सर्वसाधारण मराठीत ही पुस्तके बोलणारीची आहेत. रमाबाईंच्या प्रयोगाप्रमाणे वाचल्यास ती पतीची ठरतात. स्वतःसाठी भाषेने जो शब्द राखून ठेवला आहे तो दुसऱ्याला देऊन टाकलेला आहे, आणि देणारीला तो परत घ्यावयाचा झाल्यास प्रत्येक वेळी ‘मी’चा आधार शोधावा लागतो. यापेक्षा पूर्ण तादात्म्य भाषेच्या पातळीवर कल्पिणे कठीण आहे.

हा प्रयोग रमाबाईंनी शोधून काढलेला नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ‘आपण’, ‘स्वतः’, ‘इकडून’ ही त्या काळच्या ब्राह्मणी घरांतील रुळलेली रूपे होती, आणि केवळ त्यांच्यावरून एखाद्या व्यक्तीच्या मनाचा ठाव घेणे धाडसाचे होईल. परंतु छापील पुस्तकासाठी ते रूप कायम ठेवणे ही निवडच होती. ‘माधवराव’ किंवा ‘न्यायमूर्ती’ हे बाहेरचे शब्द उपलब्ध होते, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना करणाऱ्या, सभांतून बोलणाऱ्या रमाबाईंना ते अपरिचित नव्हते. त्यांनी घरातला शब्द बाहेर नेला. शीर्षकातील ‘आमच्या’ हे सर्वनामही त्याच निवडीचा भाग आहे. ज्या दोघांचे ते आयुष्य, त्यांपैकी एक हयात नाही. तरीही निवेदन द्विवचनी ठेवले आहे, आणि ते आयुष्य १९०१ साली रानड्यांबरोबर संपते. पुस्तक लिहीत असलेली, संस्था चालविणारी स्त्री त्या ‘आमच्या’मध्ये नाही.

या तादात्म्याची किंमत संहितेने कोठे मोजली आहे? रानड्यांच्या व्यक्तिचित्रात. विवाह १८७३ साली झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे विधुर होते आणि रमाबाई जेमतेम अकरा वर्षांच्या. प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच वडिलांच्या आग्रहापुढे पुनर्विवाहाचा हा पुरस्कर्ता नमला होता. असा माणूस मनातून कसा असेल, याची वाचकाला जी उत्सुकता वाटते तिचे समाधान पुस्तक करीत नाही. रानडे शिकवितात, समजावितात, क्वचित मौन धरतात. त्या मौनाने रमाबाई व्याकूळ होतात. मौनाचा परिणाम तपशिलाने कळतो, मौन धरणारा मात्र कळत नाही. ज्याला ‘स्वतः’ म्हटले त्याच्याकडे समोरून पाहण्यास जागाच राहत नाही.

मात्र पुस्तकाचे खरे बळ जेथे ही एकरूपता उसवते तेथे आहे, आणि अशा जागा दोन प्रकारच्या आहेत. एक हसण्याची. कलकत्त्याच्या मुक्कामात रानडे बंगाली शिकू लागले आणि हजामत करणाऱ्या न्हाव्याला शब्दांचे उच्चार नि अर्थ विचारू लागले, या प्रसंगात रमाबाईंना हसू आवरत नाही. आणि हसणाऱ्याला हसण्याच्या विषयापासून दोन पावले मागे सरावेच लागते. दुसरी जागा मतभेदाची. पंचहौद मिशनमधील चहापानाचे १८९० सालचे प्रकरण आणि त्यानंतर स्नेह्यांसाठी रानड्यांनी घेतलेले प्रायश्चित्त, हा त्यांच्या सार्वजनिक चरित्रातील अवघड भाग. ते प्रायश्चित्त आपल्याला रुचले नव्हते, हे रमाबाई लपवीत नाहीत. पुढे त्या स्वतःची समजूत घालतात, हे खरे. पण समजूत घालण्याची गरज पडली याचाच अर्थ ‘मी’ आणि ‘स्वतः’ तेथे वेगळे झाले. पारंपरिक टीकेने समजूत तेवढी पाहिली, नंतरच्या टीकेने तिच्यामागचे दास्य तेवढे पाहिले. त्या दोहोंमध्ये जे अंतर क्षणभर उघडे पडले आहे ते मराठी गद्यातील मोलाचे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले होते. म्हणजे येथेही पती हयात नाही, येथेही विवाह बालपणी झालेला आहे, आणि येथेही लेखिकेला अक्षर-ओळखीपासून सर्व काही लग्नानंतर मिळाले आहे. साम्य येथे संपते. लक्ष्मीबाई आपल्या पतीला आरंभापासून अखेरपर्यंत ‘टिळक’ म्हणतात.

हा बाहेरचा शब्द आहे. मिशनच्या परिसरातील इंग्रजी रीतीचा परिणाम त्यामागे असावा, असे म्हणता येईल. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण धर्मांतरापूर्वीच्या, अगदी लग्नाच्या वेळच्या प्रसंगांतही लेखिकेने तोच शब्द मागे नेऊन वापरला आहे. आडनावाने केलेल्या निर्देशात एक व्यावहारिक सोय आहे. नाव न घेण्याची रूढी व्यक्तिनामापुरती आहे. आडनाव तिच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे रूढी मोडली नाही आणि माणसाला धरण्याजोगी मूठही मिळाली. शिवाय या आडनावात एक गंमत दडलेली आहे. लेखिकाही टिळकच आहे. मुखपृष्ठावर जे आडनाव तिचे आहे, ते आतल्या पानांत ती पतीला देऊन टाकते आणि आपण ‘मी’ म्हणून त्याच्यासमोर उभी राहते. रमाबाईंनीही आपला शब्द देऊन टाकला होता. पण ‘स्वतः’ दिल्यावर मागे काही उरत नाही. आडनाव दिल्यावर ‘मी’ मोकळी राहते.

या मोकळ्या राहण्यावर ‘स्मृतिचित्रे’चा सारा विनोद उभा आहे. टिळक न सांगता घरातून निघून जातात, हातात आलेला पैसा देऊन टाकतात, रागावतात आणि तितक्याच झपाट्याने निवळतात, एका कल्पनेवरून दुसरीवर उडी घेतात, आणि मागे राहिलेला संसार निस्तरणारी बायको हे सारे एखाद्या परक्या, पण अतिशय ओळखीच्या माणसाची हकीकत सांगावी तसे सांगते. क्रियापद सर्वत्र आदरार्थी अनेकवचनीच आहे. ‘टिळक म्हणाले’, ‘टिळक निघाले’ या रूपांत कोठेही अनादर नाही, आणि म्हणूनच तो आदर न ढळू देता माणूस किती विक्षिप्त दाखविता येतो याची कसोटी लागते. एकवचनी सलगीने हे साधले नसते, तेथे तक्रार तेवढी ऐकू आली असती. ‘इकडून’च्या भाववाचक प्रयोगानेही साधले नसते, कारण कर्त्यावाचून विक्षिप्तपणा करता येत नाही. मराठी गद्यात पत्नीने रेखाटलेले पतीचे सर्वांत भरीव चित्र या अंतरामुळे शक्य झाले, असे येथे प्रतिपादन आहे.

परंतु अंतर म्हणजे अलिप्तता नव्हे, हे १८९५ सालच्या प्रसंगाने दिसते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या. वियोगाची ही वर्षे पुस्तकातील अत्यंत दुःखाची आहेत. या ठिकाणी टिळक खरोखरच दूर गेलेले आहेत. धर्माने, जातीने, घराने, गावाने. निर्देशाचा शब्द मात्र बदलत नाही. जो शब्द सुखाच्या दिवसांत थोडे अंतर राखून होता, तोच आता उरलेला एकमेव धागा होतो. बाकीचे सर्व जग टिळकांना बाटलेला, गेलेला, मेल्यातच जमा झालेला मानत असताना ‘टिळक’ हा शब्द लेखिकेच्या तोंडी पूर्वीप्रमाणेच चालू राहतो. पतीजवळ परत आल्यावरही त्या काही काळ सोवळे पाळतात. एकाच माणसाशी संसार आणि त्याच्याच हातच्या पाण्याचा विटाळ, ही अवस्था तादात्म्य आणि दुरावा यांच्या सोप्या विरोधात बसविता येत नाही. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली, तीही पतीच्या मागे गेलेली पतिव्रता म्हणून नव्हे. जातिभेद माणसाने केलेला आहे या निष्कर्षाला त्या आपल्या विचाराने आणि आपल्या गतीने पोहोचल्या, असेच पुस्तक सांगते. ज्याच्यापासून अंतर राखता येते, त्याच्याकडे चालतही जाता येते. ‘स्वतः’कडे चालत जाण्याची वाट नसते.

आणखी एक गोष्ट. रमाबाईंचे ‘आमचे आयुष्य’ रानड्यांबरोबर थांबते. ‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या मृत्यूनंतरही चालू राहते. मुंबई आणि कराची येथील दिवस त्यात येतात. वैधव्यानंतरही कथा सांगण्याजोगी उरते, हा फरक केवळ दोन स्वभावांचा नाही. निर्देशाच्या व्यवस्थेने तो आधीच शक्य करून ठेवलेला होता.

सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’चा (१९९०) विचार येथे थोडक्यात करणे पुरेसे आहे, कारण त्याच्या निर्देशपद्धतीत वरवर पाहता काहीच अडचण नाही. पु. ल. देशपांडे यांना त्या ‘भाई’ म्हणतात. नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहात असा शब्द स्वाभाविकच म्हणावा लागेल. परंतु ‘भाई’ हा पत्नीने योजलेला खास शब्द नाही. स्नेही आणि आप्त त्यांना हेच म्हणत. म्हणजे तो एकाच वेळी घरातला आणि बाहेरचा आहे. वर जी निवड सांगितली, ती येथे करावीच लागली नाही. पण त्यामुळे एक वेगळाच पेच निर्माण झाला. ज्या माणसाला सारा महाराष्ट्र आपला मानत होता, त्याच्याशी असलेले आपले वेगळे नाते त्याच सार्वजनिक शब्दात सांगावयाचे होते. आणि पहिल्या दोन लेखिकांपुढे नसलेली गोष्ट म्हणजे पु. ल. तेव्हा हयात होते. पतीच पुस्तकाचा एक वाचक होता. पुस्तक प्रसिद्ध होताच जी खळबळ उडाली ती त्यातील घटनांनी तितकीशी उडाली नसावी. वाचकांच्या ‘आपल्या’ भाईंना कोणीतरी ‘माझ्या’ बाजूने पाहिले, याने ती अधिक उडाली. वाचक आणि पुलं यांच्यातील ‘आपण’ फार घट्ट होता. त्यात पत्नीलाच बाहेरून दार ठोठवावे लागले. हा प्रकार दास्याच्या किंवा भक्तीच्या कोणत्याच शेऱ्यात मावत नाही.

आतापर्यंतची तिन्ही उदाहरणे ब्राह्मणी आणि सारस्वत मध्यमवर्गातील आहेत, आणि त्यांच्यावरून ‘मराठी स्त्री’विषयी काही सांगणे सदोष ठरेल. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या ठिकाणी आणल्याने केवळ यादी पूर्ण होत नाही, प्रश्नच बदलतो. शीर्षकात पुन्हा तेच सर्वनाम आहे. रमाबाईंच्या ‘आमच्या’मध्ये दोन माणसे होती, बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये महारवाडा आहे, आणि त्यातही तेथील बाया विशेषेकरून आहेत. पतीचा निर्देश कोणत्या शब्दाने केला, हा आतापर्यंतचा प्रश्न येथे विचारताच येत नाही, कारण पती या पुस्तकात जवळजवळ नाही. सासुरवाशिणींचे हाल, मारझोड, नाक कापण्याचे प्रकार यांचे वर्णन आहे. पण ते कोणा एका घराचे नाही, वाड्याचे आहे.

ही अनुपस्थिती योगायोगाची नाही. माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी आपल्या संसारातील मारहाणीविषयी सांगितले आहे, आणि फलटणच्या दुकानात बसून लिहिलेल्या वह्या पतीपासून अनेक वर्षे लपवून ठेवल्याचेही सांगितले आहे. मग ते पुस्तकात का नाही, याचे त्यांचे उत्तर असे की, हे दुःख एकटीचे नव्हते, सगळ्याच बायांच्या वाट्याला ते होते, आणि सांगावयाचे होते ते समाजाचे. हे उत्तर कोणी दडपणाचा परिणाम म्हणून वाचील. तसे वाचण्यास जागा आहे, पण ते पुरेसे नाही. ‘आमुचं’ हा शब्द स्वीकारल्यावर ‘माझा नवरा’ ही कोटीच संहितेत शिल्लक राहत नाही. तो मारणारा असेल तर मारणाऱ्यांपैकी एक, आणि बाबासाहेबांच्या चळवळीत आलेला असेल तर आलेल्यांपैकी एक. व्यक्तीपासून घेतलेले हे अंतर समूहाशी साधलेल्या तादात्म्याचीच दुसरी बाजू आहे.

‘आमुचं’मधून कोण वगळले गेले हेही पाहिले पाहिजे, कारण मराठीत हा शब्द कोणाला तरी वगळल्याशिवाय उच्चारताच येत नाही. गावकुसाच्या आतला वाचक वगळला गेला, हे उघड आहे. परंतु पुस्तकात बेबीताई शिकूनसवरून पुढे गेलेल्या, मागे वळून न पाहणाऱ्या आपल्याच लोकांना जेथे बोल लावतात, तेथे ‘आमुचं’ची सीमा वाड्याच्या आत सरकते. जे आपले होते ते श्रोत्यांच्या बाजूला जाऊन बसलेले आहेत. अनुवादाचे ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ हे शीर्षक समर्थ आहे. पण इंग्रजी ‘वुई’मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर, हे समजण्यास मार्ग नाही. मूळ शीर्षकात तो बाहेर आहे, आणि ज्याच्यापासून वह्या लपविल्या तो आत असूनही त्याला वेगळा शब्द दिलेला नाही.